शंभर टक्क्यांची खोली

दिलेला शब्द पाळणं ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणूनच शब्द देताना तो छोटा द्यावा. जितका छोटा, तितका पाळायला सोपा. आणि अगदीच छोटा दिला तर तो द्यायच्या आधीच पाळून झालेला असतो. हे ज्ञान मला शाळेत मिळालं नाही. (शाळा मी नववीत सोडली. शाळेचं म्हणणं जरा वेगळं आहे.) ते मला मिळालं डोंबिवलीजवळ मानपाड्याला, आमच्याच जागेवर, आमचीच बिल्डिंग होत नसताना.

सत्त्याण्णव साली माझ्या बाबाने, म्हणजे दामाजीने, आमचं राहतं घर आणि मागची वाडी रतनशेठ नावाच्या बिल्डरला दिली. बदल्यात नव्या बिल्डिंगमध्ये आम्हाला ब्लॉक मिळणार होते. तोवर आम्ही त्याच जागेच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये. नेमकं तेव्हाच माझ्या बहिणीचं, मंजुळाचं, जमलं. मुलाचा बाप कोपरचा राघो. त्याने हुंडाबिंडा काही मागितला नाही. एकच अट घातली.

"हलद पोरीचे सोताचे दारान झाली पायजे, दामाजी. पत्र्याचे शेडीतशी सून उचलली तं गाव मना हसंल."

आमच्यात हे असंच आहे. लग्न हॉलमध्ये करा, मैदानात करा, कोणी विचारत नाही. पण हळद आपल्याच दारात. आमची धवलारीण कमळाबाई, म्हणजे लग्नाची गाणी म्हणून सगळे विधी लावणारी म्हातारी, ती आधी उंबऱ्याला हळद लावते आणि मगच नवरीला. उंबरा नाही तर कमळाबाई तोंड उघडत नाही, आणि कमळाबाईने तोंड उघडलं नाही तर लग्न लागलंच नाही असं समजायचं.

बाबाने शब्द दिला. "येत्या वैशाखान. नवे घरान."

बघा. केवढा मोठा शब्द. तिथेच चुकलं.

रतनशेठ बाकीच्या बिल्डरांसारखा साधा माणूस असता तर त्याने बिल्डिंग नुसती उशिरा बांधली असती. पण तो ठाण्याला कुठल्याशा हॉटेलात भाषण ऐकून आला. जेवणासकट भाषण होतं. तिथे त्याला कळलं की परदेशात आता सडपातळ बांधकाम करतात. म्हणजे बांधकामातली सगळी चरबी काढून टाकायची, वाया जाणारं सगळं बंद करायचं, आणि उरते ती बिल्डिंग. या कामासाठी त्याने वर्तकनगरहून कर्णिक साहेबांना आणलं. साहेब परदेशात राहून आलेले. पट्ट्याला पेजर, खिशाला चार रंगांची चार पेनं, आणि बोलणं असं शुद्ध की ऐकताना पाठ सरळ व्हायची.

"मारुतीराव, आपण कधीपासून गवंडीकाम करता?" त्यांनी पहिल्याच दिवशी मारुती मुकादमाला विचारलं.

मारुतीने मागे वळून बघितलं, की मारुतीराव कोण आलाय.

साहेबांनी वाया जाणाऱ्या गोष्टी समजावून सांगितल्या. साठवणं म्हणजे वाया. थांबणं म्हणजे वाया. चालणं म्हणजे वाया. लगेच सिमेंटचं गोडाऊन बंद झालं. सिमेंट आता लागेल तेव्हाच येणार, लागेल तेवढंच येणार. त्या दिवसापासून आमचं सिमेंट शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये, ट्रकात असायचं. ते साठवलेलं नव्हतं, ते प्रवासात होतं. (शीळफाट्याला ज्याने प्रवास केलाय त्याला यातला फरक सांगायला नको.) चालणं बंद करायचं म्हणून मजुरांना जागच्या जागी उभं केलं. मग ते थांबलेले दिसायला लागले, आणि थांबणं पण वायाच. तेव्हा त्यांना अर्ध्या दिवसाने घरी पाठवायचं ठरलं. वाया जाणं एकदम निम्म्यावर आलं. हा पहिला विजय.

यानंतर साहेबांना एक भिंत लागली.

पद्धत अशी होती की प्रत्येक काम एका चिठ्ठीवर लिहायचं, प्रत्येक टोळीचा रंग वेगळा, आणि चिठ्ठ्या भिंतीवर ओळीने लावायच्या. पण भिंतच नव्हती, कारण बिल्डिंगच नव्हती. म्हणून आधी भिंत बांधली. वाऱ्याने चिठ्ठ्या उडायला लागल्या, म्हणून आणखी तीन भिंती बांधल्या. उन्हाने रंग उडेल म्हणून वर स्लॅब टाकला. पाहुणे बघायला येणार म्हणून खाली लाद्या बसवल्या. पंखा आला, नळ आला. दरवाजाला चौकट मिळेना, तेव्हा माझ्या आईने, भागीरथीने, जुन्या घराची सागवानी चौकट उंबऱ्यासकट काढून दिली. घर पाडताना तिने ती कोणाला हात लावू दिली नव्हती, गोधडीत गुंडाळून खाटेखाली ठेवलेली.

"देते," ती म्हणाली, "पर चौकट माझी. जाताना काढून नेईन."

सगळी खोली पंधरवड्यात उभी राहिली. (तिचं नियोजन कोणीच केलेलं नव्हतं.) जागा पण कुठली, तर जिथे आमची चूल होती, बरोबर तिथे.

खोली झाल्यावर साहेबांनी सगळ्यांना आत बसवलं.

"आपण शेवटापासून सुरुवात करू," ते म्हणाले. "जुन्या पद्धतीत काम मागून ढकलतात. आपल्या पद्धतीत ग्राहक पुढून ओढतो. दामाजीराव, ग्राहक आपण. आपल्याला काय हवंय?"

"ब्लॉक," बाबा म्हणाला.

"तो कशासाठी?"

"पोरीची हलद हाय वैशाखान."

साहेबांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं आता नारळ फोडतात. त्यांनी एक पिवळी चिठ्ठी घेतली, सुंदर अक्षरात लिहिलं: "हळद. स्वतःच्या दारात. वैशाख." आणि ती भिंतीच्या उजव्या टोकाला लावली. मग तिच्याआधी काय? रंगकाम. त्याच्याआधी? दारं-खिडक्या. त्याच्याआधी प्लास्टर, त्याच्याआधी विटा, त्याच्याआधी स्लॅब, एकेक मजल्याचा. चिठ्ठ्या डावीकडे डावीकडे सरकत कोपऱ्यापर्यंत गेल्या, कोपऱ्यावरून दुसऱ्या भिंतीवर वळल्या, तिसऱ्या भिंतीवर खिडकी आली. पाया खिडकीच्या बाहेर गेला.

साहेबांनी हिशोब केला. या वैशाखात हळद व्हायची असेल तर पाया गेल्याच्या गेल्या दिवाळीत खणायला पाहिजे होता.

मग मारुती मुकादम अंग चोरून म्हणाला, "साहेब, त्या दिवाळीत मी साताऱ्याला होतो."

साहेबांनी लाल पेनाने लिहिलं: "अडथळा: मुकादम साताऱ्याला."

"मंग आता?" आईने विचारलं.

"आता आपण वचनं घेऊ," साहेब म्हणाले.

तर दर शनिवारी बैठक. प्रत्येक टोळीवाल्याने उभं राहून पुढच्या आठवड्यात काय करणार ते सांगायचं, चिठ्ठी लावायची. पुढच्या शनिवारी बघायचं किती वचनं पाळली. शंभरातली किती, तो टक्का. टक्का दारावर मोठ्या आकड्यात लिहायचा. रतनशेठ गाडीतून न उतरता तो वाचून पुढे जायचा. (उतरणं म्हणजे चालणं, आणि चालणं वाया.)

पहिलाच टक्का तीसच्या आत आला. मग साहेबांनी कारण शोधायची पद्धत काढली. पाच वेळा "का" विचारायचं. पाचव्या "का"ला मूळ कारण हाताला लागतं म्हणे.

"मारुतीराव, भिंत का झाली नाही?"

"पाणी नव्हतं, साहेब."

"का नव्हतं?"

"टँकर नाय आला."

"का नाही आला?"

"ड्रायव्हर लग्नाला गेलेला, चुलतभावाच्या."

"चुलतभावाचं लग्न का होतं?"

मारुतीने जरा विचार केला. "वय झालेलं त्याचं."

"वय का झालं?"

"साहेब," मारुती हात जोडून म्हणाला, "ते देवाला विचारावं लागंल."

साहेबांनी लिहिलं: "मूळ कारण: देव. पाठपुरावा: मारुतीराव." पुढच्या शनिवारपर्यंत.

असंच चालू राहिलं असतं तर बिल्डिंग कदाचित झाली पण असती, कारण लोक शिव्या खाऊन काहीतरी करत होते. पण नळवाल्या सहदेवचं डोकं चाललं. पाइप साईटवर येऊन पडल्यावर त्याने उभं राहून वचन दिलं, "पुढच्या आठवड्यात पाइप आणीन." आणि आणले. म्हणजे होतेच. सहदेवचा टक्का शंभर. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला टॉवेल आणि नारळ दिला.

मारुती त्या नारळाकडे ज्या नजरेने बघत होता ना, तेव्हाच मला कळलं.

पुढच्या शनिवारची वचनं मला तोंडपाठ आहेत. मारुती: "विटांवर लक्ष ठेवीन." सेंटरिंगवाला: "फळ्या उन्हात ठेवीन." (मार्च होता.) वॉचमन, ज्याला कोणी विचारलं पण नव्हतं: "रात्री असेन." लोखंडवाला नवीन होता, जोशात बोलून गेला, "गज कसे वाकवायचे त्याचा विचार करीन." त्याचा विचार आठवड्यात संपला नाही, आणि सगळ्यांचा टक्का त्याच्यामुळे खाली आला. चार माणसांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं. पुढच्या वेळेला त्याने "गज मोजीन" लावलं.

टक्का शंभर झाला. आणि शंभरच राहिला.

मधे एकदाच पडला, तो आमच्या बकरीमुळे. साहेबांच्या परदेशी, मागे गोंद असलेल्या चिठ्ठ्या संपल्या. मग आई तांदळाची खळ करून द्यायला लागली. एका दुपारी दार उघडं राहिलं आणि बकरीने दुसऱ्या मजल्याचं प्लास्टर खाल्लं. तिसऱ्याच्या खिडक्या पण अर्ध्या चघळल्या. साहेबांनी काम न होण्याच्या कारणांचा तक्ता केलेला, त्यात नवा रकाना वाढवला. महिन्याच्या शेवटी सुरुवातीपासूनचे आकडे असे आले: माल नाही, दहा टक्के, माणूस नाही, सतरा टक्के, देव, एकतीस टक्के, बकरी, बेचाळीस टक्के. एवढी मोठी अडचण एवढ्या सोप्या उपायाने सुटली, ही या पद्धतीची ताकद. बकरी बांधली.

आता लोक बघायला यायला लागले. पांढरे शर्ट, कडक इस्त्री. खोलीत शिरायचे, भिंतीसमोर हात मागे बांधून उभे राहायचे. "वा," म्हणायचे. "काय शिस्त!" रतनशेठने रस्त्यावर बोर्ड लावला: "शंभर टक्के वचनपूर्ती." बोर्डाच्या मागे पायाचे खड्डे होते. त्यात टँकरचं सांडलेलं पाणी साठून बेडूक झालेले. तेवढा एकच साठा साईटवर शिल्लक होता.

एकदा माझं डोकं सरकलं. सगळ्या पाहुण्यांसमोर मी ओरडलो, "ओ साहेब, बिल्डिंग कुठाय?"

साहेब रागावले नाहीत. त्यांना राग येतच नाही, त्याने आपला आणखी संताप होतो. "गणू," ते म्हणाले, "तू परिणामाकडे बघतोयस. प्रक्रियेकडे बघ."

मी प्रक्रियेकडे बघितलं. प्रक्रिया खड्ड्याच्या काठावर बसून चहा पीत होती.

वैशाख लागला. कोपरहून राघोचा निरोप आला. पुढच्या शुक्रवारी येतो, दार बघतो. दार असेल तर कमळाबाईला बोलवा. नसेल तर माझ्या पोराला दुसरं स्थळ आलंय, उगाच लांबवू नका. बाबा निरोप ऐकून शेडमध्ये गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवला पण नाही. आमच्यात मोडलेल्या हळदीची पोरगी म्हणजे काय, ते सांगायला नको. मंजुळा बोलतच नाही फारसं. घरातलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलंय.

पण त्या शनिवारी ती बैठकीत येऊन उभी राहिली.

वचनं चाललेली. मारुतीने "विटांवर लक्ष" म्हणून झालं होतं. मंजुळा सरळ भिंतीच्या उजव्या टोकाला गेली आणि पिवळ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. सगळ्यात पहिली चिठ्ठी. तिच्याकडे महिनोन् महिने कोणी बघितलंच नव्हतं.

"साहेब, ही या आठवड्यातली ना?"

कर्णिक साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "हो... तशी आहे."

"मग ही पडली तर टक्का किती?"

मी त्या माणसाला पहिल्यांदा घामाघूम झालेलं बघितलं. पुढच्या शनिवारी टक्का लागला की सोमवारी बाहेरगावचे मोठे पाहुणे येणार होते, शंभर टक्के बघायला.

"ताई," साहेब म्हणाले, "ही पुढच्या वैशाखात ढकलता येईल का?"

"साहेब, तुम्हीच सांगितलेलं, आपल्यात ढकलत नाहीत. ओढतात."

"अहो, पण सहा दिवसांत... शुक्रवारपर्यंत बिल्डिंग कशी..."

"बिल्डिंगचा कोन बोल्ला?" दारातून आईचा आवाज आला. ती खळीचं पातेलं घेऊन उभी होती. "गणू, वाच रं काय लिवलंय."

मी वाचलं. "हळद. स्वतःच्या दारात. वैशाख."

"बिल्डिंग लिवलीय कुठं?"

"नाय लिवली."

"मंग?" तिने पातेलं खाली ठेवलं आणि चौकटीवर थाप मारली. "दार माझा. जागा माझे चुलीची. उंबरा माझे सासूने बसवलेला. व्हा बाजूला."

त्यानंतरचा आठवडा सडपातळ बांधकामाच्या इतिहासातला सगळ्यात लाजिरवाणा आठवडा म्हणावा लागेल. कोणी वचन दिलं नाही. कोणी चिठ्ठी लावली नाही. मारुतीच्या माणसांनी न विचारता मांडव घातला, सेंटरिंगच्या फळ्यांची बाकं केली. सहदेवने मांडवापर्यंत पाइप टाकला आणि त्यातून पाणी आलं. सिमेंटवाला ट्रक शीळफाट्याहून रिकामा होऊन तांदूळ घेऊन आला. साठवणं झालं, चालणं झालं, थांबणं तर भरपूर झालं, कारण आचारी उशिरा आला. सगळं वाया. शुक्रवारी दुपारी सगळं तयार.

राघो आला. मांडव बघितला, लाद्या बघितल्या, पंखा चालू करून बंद केला. चौकटीवरून हात फिरवला.

"घर चांगला हाय," तो म्हणाला. "बाकीचा कुठं हाय?"

बाबाने माझ्याकडे बघितलं. मी मारुतीकडे. मारुती परत मागे वळून बघायला लागला.

कर्णिक साहेब पुढे झाले. हा माणूस आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही, आणि तेव्हा पण बोलला नाही. "बाकीचं भिंतीवर आहे," ते म्हणाले.

राघो आत गेला. भिंतीसमोर उभा राहिला, हात मागे बांधून. पाया, स्लॅब, विटा, प्लास्टर, रंग, सगळं ओळीने बघितलं. बराच वेळ. मला वाटलं, झालं, आता हा चपला घालतो.

"आमची जागा पन बिल्डरला दिलीय," तो हळूच म्हणाला. "आम्ही पन शेडीतच हाव. कोनाला सांगू नको, दामाजी." मग चिठ्ठ्यांकडे बघत मान हलवली. "आमचे मेल्याने तं भिंतपन नाय दिली."

आणि बाहेर येऊन त्याने कमळाबाईला हाक मारली.

कमळाबाईने उंबऱ्याला हळद लावली आणि सुरू झाली. मंजुळा पाटावर बसली होती, बाबा कोपऱ्यात डोळे पुसत होता, आणि बायकांनी एकमेकींना माखून झाल्यावर हात पुसायला जवळची जागा घेतली. जवळची जागा म्हणजे भिंत. चौथ्या मजल्याचं रंगकाम सगळं पिवळं झालं.

"झालं ना?" मी साहेबांना विचारलं. त्यांच्या कपाळाला पण कोणीतरी हळद फासलेली. त्यांनी पिवळी चिठ्ठी सोडवली, हिरव्या पेनाने त्यावर बरोबरची खूण केली, आणि ती खिशात घातली. शंभर टक्के.

(मंजुळा आता कोपरला असते. पत्र्याच्या शेडमध्ये. वर्षभरात ब्लॉक मिळणार आहे.)

सोमवारी पाहुणे येऊन गेले, खूश झाले. रतनशेठच्या लक्षात आलं की एवढी चांगली खोली नुसती चिठ्ठ्यांसाठी ठेवणं वाया आहे. त्याने दारावर पाटी लावली: "सॅम्पल ब्लॉक." आणि रविवारपासून लोक यायला लागले.

तुम्ही पण आलेलात. आठवतं का? डोंबिवलीहून रिक्षाने, बायकोला घेऊन. चपला बाहेर काढल्यात, नळ सोडून बघितलात, पाण्याला जोर आहे म्हणालात. लाद्यांवर पाय आपटून बघितलात. दारावरचे शंभर टक्के वाचून तुम्ही बायकोकडे असं बघितलंत की मी आधीच सांगत नव्हतो का. उंबऱ्यावरचा पिवळा डाग तिला दिसला. तिने वाकून हात लावला, तोच हात कपाळाला लावला, म्हणाली, "अहो, किती शुभ आहे!" मागची खिडकी उघडी होती. बेडूक ओरडत होते. तुम्ही म्हणालात, वा, निसर्ग पण आहे.

चौथा मजला, पूर्वेकडचा ब्लॉक तुम्ही तिथेच बुक केलात. तुमची चिठ्ठी मीच लावली, माझ्या हाताने, आईच्या खळीने. घट्ट बसलीय. बकरी सुटली नाही तर ताबा नक्की.